हातच्याची वजाबाकी आणि मुलांचे स्वतःचे नियम : तिसरीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

कृतिसंशोधनाचा, म्हणजे स्वतःच्या वर्गातली अडचण स्वतःच अभ्यासून पाहण्याचा, विषय ठरला : इयत्ता तिसरी, हातच्याची वजाबाकी. आमची सांगोला तालुक्यातली द्विशिक्षकी वस्तीशाळा. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. डी.एड.ला अध्ययनाच्या उपपत्ती (मूल कसे शिकते याचे सिद्धांत) शिकले तेव्हा वर्तनवाद (सराव आणि शाबासकीने सवय घडते) एका प्रकरणात होता आणि बोधात्मक उपपत्ती (समज आणि विचारातून शिकणे होते) दुसऱ्या. परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' आले की दोन रकाने आखायचे. वर्गात मात्र मुलापुढे दोन्ही एकदमच येतात, म्हणून या प्रकल्पात एकच घटक घेऊन पाहायचे आहे की कोणती उपपत्ती नेमकी कुठे कामाला येते आणि कोणती आधी.

आज चाचणीचा कागद दिला. दोन अंकी वजाबाक्या, काही बिनहातच्याच्या, काही हातच्याच्या. गुण द्यायचे नाहीत, असे आधीच ठरवले आहे. चुकलेली उत्तरे जशीच्या तशी वहीत उतरवून घ्यायची.

१० जुलै, गुरुवार

५२ − २७ या गणिताचे उत्तर निम्म्याहून जास्त मुलांनी ३५ लिहिले आहे. इतक्या जणांचा एकच आकडा आला, म्हणजे हा निष्काळजीपणा नव्हे. निष्काळजीपणाने चुकले असते तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले असते.

एकेकाला जवळ बसवून गणित मोठ्याने बोलत करायला सांगितले. खिडकीपाशी बसणारी मुलगी म्हणाली, "बाई, दोनातून सात जात न्हाईत, मग सातातून दोन काढलं. पाच. पाचातून दोन गेलं, तीन." तिच्या मागचा मुलगा म्हणाला, "दोनाचं बारा केलं. बारातून सात गेलं, पाच. पाचातून दोन, तीन." दोघांचेही ३५. मुलीला दशक सुटा करणे (एक दशक मोडून दहा सुटे घेणे) माहीतच नाही. मुलाला दहा आणायचे माहीत आहे, पण ते कुठून आणले याचा हिशेब तो ठेवत नाही. नुसता कागद तपासला असता तर दोघांना एकच फुली आणि एकच उपाय मिळाला असता.

दोघांना वेगळे काढायचे तर अंक विचार करून निवडावे लागतात. ५२ − २७ मध्ये सातातून दोन काढले तरी पाच आणि बारातून सात काढले तरी पाच, म्हणून दोन वेगळ्या चुका एकाच उत्तरात लपतात. ६१ − २७ दिले की त्या उघड्या पडतात : पहिल्या नियमाने ४६, दुसऱ्याने ४४, बरोबर उत्तर ३४. उद्यापासून हेच गणित वापरायचे.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये अमेरिकेत नेमके हेच मांडले होते. वजाबाकीत चुकणारी मुले बहुतेक वेळा नियम पाळत असतात, फक्त तो नियम थोडा बिघडलेला असतो, आणि तो ओळखला की मूल पुढच्या गणितात काय चुकेल हेही आधी सांगता येते. शिक्षकांना या चुका ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून त्यांनी 'बगी' नावाचा संगणकीय खेळ केला होता. त्याही आधी, १९२०च्या सुमारास, पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेणाऱ्या, पुढे बालमानसशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या तरुण पियाजेला बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांमागचा विचार जास्त मोलाचा वाटला, आणि त्याचे पुढचे सगळे काम तिथून सुरू झाले. आज त्या दोन मुलांचे बोलणे ऐकताना मला हे फार जवळून कळले.

१२ जुलै, शनिवार

सकाळची शाळा. ६१ − २७ आणि ४० − २६ सगळ्यांकडून करून घेतले. ४० − २६ चे कुणी २६ लिहिले (शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहाच), कुणी २० (शून्यातून काय जाणार, शून्यच). वहीत प्रत्येक मुलापुढे त्याचा नियम लिहिला. गुणांपेक्षा ही यादी मला जास्त उपयोगी आहे.

१५ जुलै, मंगळवार

'मोठ्यातून लहान काढायचे' हा नियम मुलांना मिळाला कुठून, यावर मधल्या सुट्टीत गुरुजींशी बोलणे झाले. त्यांनी दुसरीच्या जुन्या वह्या काढून दिल्या. ५८ − २३, ७६ − ४१, ८९ − ३५. पानेच्या पाने बरोबर, खाली 'शाब्बास'. या सगळ्या गणितांत वरचा अंकच मोठा आहे. जे मूल वर-खाली बघतच नाही, प्रत्येक घरात फक्त मोठ्या अंकातून लहान अंक काढते, त्याचेही प्रत्येक उत्तर बरोबरच येणार! त्याची कच्ची समज वर्षभर कुणाला दिसणार नाही आणि रोज शाबासकी मिळत राहणार.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग मांडले. दार उघडणारी हालचाल हळूहळू पक्की होत गेली आणि निरुपयोगी हालचाली गळत गेल्या. ज्या कृतीमागून समाधान येते ती टिकते, हा त्याचा परिणामाचा नियम. पुढे त्याने हाच विचार अंकगणिताला लावला आणि सरावाच्या पुस्तकांना शास्त्राचा आधार मिळाला. नियम खराच आहे, या वह्या त्याची साक्ष देतात. पण प्रबलन (कृती पक्की करणारी शाबासकी) मिळते ते मुलाने प्रत्यक्षात जे केले त्याला, आणि मुलाने मनात काय केले ते आपल्याला कागदावर दिसत नाही. बिघडलेला नियम बरोबर उत्तर देत असेल तर तोही तितकाच घट्ट होतो.

म्हणून माझ्या प्रकल्पाचा क्रम असा : आधी मुलाच्या मनातला नियम शोधायचा, मग समज बदलायची, आणि सराव त्यानंतर. हातच्याची पन्नास गणिते आज घरी करायला दिली तर खिडकीपाशची मुलगी आपला नियम पन्नास वेळा गिरवून आणेल.

१८ जुलै, शुक्रवार

बांबूच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि खेळण्यातल्या दहाच्या व एकच्या नोटा. जेरोम ब्रुनरने समजेचे तीन प्रकार सांगितले : हाताने करून, चित्रातून आणि चिन्हातून. फळ्यावरची उभी मांडणी म्हणजे निव्वळ चिन्हे, आणि आपण सुरुवातच तिथून करतो.

काड्यांनी काम झाले, पण नोटांनी जास्त झाले. "५२ रुपये आहेत, २७ चं सामान घेतलं, किती उरले?" दुकानदार झालेल्या मुलाने दोनच सुट्टे बघितले आणि लगेच म्हणाला, "नोट मोडावी लागंल." नोट मोडणे सगळ्यांना घरून माहीत आहे. दहाची एक नोट गेली आणि दहा सुट्टे आले, हे सांगावे लागले नाही. ज्याने १० तारखेला बाराही घेतले आणि पाचही तसेच ठेवले, त्याच मुलाने आज चारच नोटा शिल्लक ठेवल्या. मी मुद्दाम विचारले, "नोटा पाचच असू दे की." तो म्हणाला, "मग दहा रुपय फुकट आलं का बाई?" त्याचे हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवले आहे, पुसायचे नाही.

ज्या मुलीच्या घरी चहाची टपरी आहे ती तर हातात काही न घेता २५ म्हणाली : सत्तावीसात तीन घातले की तीस, तीसात बावीस घातले की बावन्न. तिचा कागद पाहिला. तिथे ३५. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गिऱ्हाइकापुढे त्या मुलांचे सुमारे ९८ टक्के हिशेब बरोबर येत, आणि तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडले की सुमारे ३७ टक्के. मुलांना हिशेब येतो. तो फळ्याशी जोडून देणे हे आपले काम आहे.

२२ जुलै, मंगळवार

आज नातवाला सोडायला आलेल्या एका आजोबांनी फळ्यावरचे गणित पाहिले आणि म्हणाले, "आमच्या येळंला असं नव्हतं. वर दहा द्यायचं, खाली हातचा एक. बारातून सात गेलं पाच, पाचातून तीन गेलं दोन." उत्तर बरोबर. दोन्ही संख्यांत दहा-दहा मिळवले तर फरक तोच राहतो, हे त्यामागचे कारण. पद्धत वेगवान आहे, पण 'का' विचारल्यावर आजोबा म्हणाले, "गुरुजींनी तसंच सांगितलेलं."

या दोन पद्धतींची तुलना खूप पूर्वी झाली आहे. विल्यम ब्राउनेल आणि हॅरोल्ड मोझर यांनी १९४९ मध्ये तिसरीच्याच मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला : दशक सुटा करण्याची आमची पद्धत आणि समान मिळवण्याची आजोबांची पद्धत, आणि प्रत्येक पद्धत काहींना अर्थ सांगून, काहींना नुसती कृती म्हणून. दशक सुटा करणे अर्थासह शिकलेली मुले सर्वांत पुढे राहिली, विशेषतः न शिकवलेल्या प्रकारचे गणित समोर आले तेव्हा. नुसत्या कृतीने शिकताना त्या पद्धतीचा वरचष्मा दिसला नाही. म्हणजे फायदा पद्धतीत कमी आणि ती समजण्यात जास्त. थॉर्नडाइकच्या सरावावर ज्यांनी वर्गातूनच उत्तर दिले त्यांत ब्राउनेलचे नाव मला सर्वांत मोठे वाटते, आणि आपल्या डी.एड.च्या पुस्तकात ते नव्हते याचे वाईट वाटते.

आजोबांची पद्धत चौथीला मुद्दाम शिकवणार आहे. 'दोन्हीकडे दहा वाढवले तर फरक बदलेल का?' हा चौथीसाठी सुंदर प्रश्न आहे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दोन मुले अजून अडतात. त्यांच्या चुका वजाबाकीच्या नाहीतच. 'बावन्न' ऐकून ती २५ लिहितात. मराठीत दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी. एकोणसाठचे तर आणखी कठीण, कानाला साठ ऐकू येते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी जोड वाचने दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे सांगितले होते : लहान मुलाला संख्येची रचना ऐकू आली पाहिजे. या दोन मुलांकडे पाहून मला ते शंभर टक्के पटते. त्यांच्याबरोबर मी दोन्ही म्हणते, 'पन्नास दोन, बावन्न'. रूढ नाव सुटत नाही आणि रचनाही कळते.

यात स्मरणाचाही भाग आहे. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये दाखवले की माणूस एका वेळी मनात सातच्या आसपास गोष्टी धरतो. संख्येचे नाव उलगडण्यातच मुलाचे मन गुंतले तर दशक सुटा करायला त्यात जागा उरत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आता सराव. इथे वर्तनवादाकडून भरपूर घ्यायचे आहे आणि ते मनापासून घ्यायचे आहे.

नोव्हेंबर १९५३ मध्ये वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. त्याला दोन गोष्टी खटकल्या : आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हते, आणि कुणाचे होऊन गेलेले, कुणाला काहीच येत नाही, तरी सगळी एकाच चालीने चाललेली. त्यातून त्याचे शिकवण्याचे यंत्र आले. यंत्राची मला गरज नाही. कार्डाच्या पुढे गणित, मागे उत्तर आणि मोडलेल्या नोटेचे चित्र. मूल पाटीवर सोडवते, कार्ड उलटते, पडताळा घेते, जमले तर पुढचे. प्रत्येक कार्ड आधीच्यापेक्षा थोडेसेच कठीण. चौथीला शिकवत असताना तिसरी माझ्याविना पुढे जाते आणि चुकीचा नियम उद्यापर्यंत टिकत नाही. एका शिक्षकाकडे दोन वर्ग असतात तिथे स्किनरसारखा सोबती नाही.

गुरुजींनी चांदण्यांचा तक्ता सुचवला. त्यावर बराच विचार केला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग आठवला. तीन ते पाच वर्षांच्या, चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांना आधीच सांगितले की काढाल तर बक्षीस. नंतर मोकळ्या वेळात तीच मुले पूर्वीपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्यांना काही न सांगता अचानक बक्षीस दिले त्यांचे तसे झाले नाही. माझी मुले सध्या कार्डांवर आपणहून तुटून पडतात, तिथे चांदणीचे काम नाही. पाढ्यांसाठी मात्र तक्ता लावू या असे ठरले, कारण पाढ्यांकडे ती आपणहून वळत नाहीत. शाबासकी देताना काय जमले ते सांगायचे : 'नोट मोडल्यावर चार लिहायला विसरला नाहीस.'

१२ ऑगस्ट, मंगळवार

एक मुलगा फळ्यापाशी बोलावले की पोट दुखते म्हणतो. तोंडी सगळे येते, कार्डेही करतो. खडू हातात दिला की घाम. त्याची आई म्हणाली, आधी दुसऱ्या गावी शाळेत असताना फळ्यावर चुकला की मार बसे.

पाव्लोवच्या कुत्र्याची लाळ (अन्नाबरोबर खूण देत गेले की पुढे नुसत्या खुणेनेही सुटणारी) आपण पाठ करतो, आणि समोरच्या मुलाचे पोटदुखणे हे त्याच जातीचे आहे हे विसरतो. त्याने दुखणे ठरवून आणलेले नाही. फळा आणि मार इतक्या वेळा एकत्र आले की आता मार नसतानाही फळा पुरेसा आहे. त्याला समजावून उपयोग नाही, कारण हे समजण्यातून आलेलेच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी घातली, पण कायदा मोडून बसलेला मार मुलाच्या अंगात राहतो, आणि तो काढायचे काम पुढच्या शिक्षकावर येते. हे काम मला वजाबाकीहून मोठे वाटते.

उपाय जोडीनेच : फळा आणि काहीतरी आनंदाचे. पहिल्यांदा त्याने फळ्यावर फक्त तारीख लिहायची. मग पोषण आहाराचा आजचा पदार्थ. मग मित्राबरोबर चित्र. गणित इतक्यात नाही. त्याच्या चुकण्याला इथे काहीच होत नाही, हे त्याच्या शरीराला कळायला वेळ द्यायचा.

१८ ऑगस्ट, सोमवार

तीन अंकी. ४०३ − १५८. अपेक्षेप्रमाणे ३४५ बरेच आले : शून्याचे नऊ केले, पण शतक चारच ठेवले. पुन्हा तेच, फक्त या वेळी शंभर रुपये फुकट आले. फळ्यावरच्या त्या वाक्याकडे बोट दाखवले आणि काही जणांना तेवढे पुरले.

इतरांसाठी जोड्या केल्या. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की म्हणतो, मुलाला एकट्याने जमते आणि जाणत्याच्या सोबतीने जमते, या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकवायचे. जाणता म्हणून टपरीवाल्यांची मुलगी फार चांगली. ती उत्तर सांगत नाही, विचारते : "दहाची नोटच न्हाई, मग काय मोडशील?" "शंभराची." "शंभराच्या किती दहा?" काही वेळाने तिच्या जोडीदाराने तिच्या आधीच प्रश्न स्वतःला विचारला. मग तिला दुसऱ्या जोडीत बसवले. आधार काढून घेण्याची वेळ ओळखणे हा यातला अवघड भाग आहे, ठेवून देणे सोपे असते.

४ खोडून वर ३ लिहिण्याची खूण करू द्यावी का, असे एका पालकांनी विचारले. करू द्यावी. ब्राउनेलने या खुणेचाही अभ्यास केला होता आणि ती मुलांना मदत करते असेच त्याला दिसले. जे मनात मावत नाही ते कागदावर ठेवले, इतकेच.

८ सप्टेंबर, सोमवार

गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. न सांगता मिश्र कागद दिला. थोडे विसरलेले आहे, ते होणारच. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले की विसरण्याचा मोठा भाग सुरुवातीलाच घडतो. पुन्हा शिकवले नाही, पुन्हा आठवायला लावले. रोडिगर आणि कार्पिके यांचे २००६ चे काम सांगते की पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढण्याने दीर्घकाळ जास्त टिकते. रोज प्रार्थनेनंतर पाटीवर दोन गणिते, पुस्तक बंद.

नवी गोष्ट निघाली. काही मुले ५८ − २३ मध्येही नोट मोडू लागली आहेत! हातच्याचा सराव सलग झाला की मूल गणित न बघता तीच कृती करते. म्हणून आता कार्डांचा गठ्ठा पिसून द्यायचा आणि सोडवण्याआधी एकच शब्द म्हणायचा : 'मोडायची' किंवा 'नको'.

१५ सप्टेंबर, सोमवार

७ जुलैच्याच धर्तीचा कागद, आकडे बदलून. 'मोठ्यातून लहान' हा नियम दोन अंकी गणितांत आता जवळजवळ कुणाचाच नाही. तीन अंकीत मधल्या शून्यापाशी काही जण अजून अडखळतात आणि त्यांच्यासाठी नोटा परत काढल्या आहेत. संख्यांची नावे उलटी लिहिणाऱ्या दोघांपैकी एक सावरला. दुसऱ्याबरोबर 'पन्नास दोन' दिवाळीपर्यंत चालू ठेवायचे. पोट दुखणाऱ्या मुलाने शुक्रवारी फळ्यावर ६१ − २७ केले. चुकले, ४४ आले. स्वतःच म्हणाला, "थांबा बाई, नोट मोडली की," आणि खोडून ३४ केले.

गुरुजींशी ठरले ते असे. दुसरीत 'मोठ्यातून लहान' हे शब्द वापरायचे नाहीत, 'वरच्यातून खालचे' म्हणायचे. बिनहातच्याच्या प्रत्येक पानावर एखादे ५२ − २७ पेरायचे, सोडवायला नव्हे, फक्त विचारायला : दोन सुट्ट्यांतून सात देता येतील का? पुढच्या जूनमध्ये दुसरीची ही मुले माझ्याकडे येतील तेव्हा पहिल्या आठवड्यात ६१ − २७ आणि ४० − २६ त्यांना द्यायचे, आणि या वहीतल्या यादीशेजारी त्यांची यादी लावायची.